हमाली, तोलाई, हँडलिंग

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर मी एकोणीस वर्षं हिशेबाला आहे. शेतकऱ्याच्या मालाचा सौदा झाला की त्याची पट्टी करायची, हे माझं काम. वर वजन, भाव आणि मालाची रक्कम. खाली हमाली, तोलाई, उचल घेतली असेल तर ती. आणि तळाला हातात पडणारा आकडा. बापाबरोबर पहिल्यांदाच आलेलं पोरगं वरचा भाव बघून खूश होतं. बाप चष्मा लावून पट्टी खालून वर वाचतो.

एवढं रोज डोळ्यांसमोर असून ऑगस्ट २०२५ मध्ये गाडी घ्यायला गेलो तेव्हा मी त्या पोरासारखाच वागलो, हे आधीच कबूल करून टाकतो.

आमची जुनी गाडी २०१२ ची, ८२ हजार किलोमीटर पळालेली. क्लच एकदा आणि एसी दोनदा केल्यावर बायको म्हणाली, "आता हिला पुरे." शिवाय २०२७ मध्ये तिला पंधरा वर्षं भरणार, म्हणजे परत पासिंगची कटकट. तोवर थांबलो तर विकताना हातात काय येणार? बजेट साधं होतं. बँकेचं कर्ज ४ लाख, जुन्या गाडीचे येतील ते, आणि साठवलेले सव्वा लाख. सगळं धरून साडेसहा लाख, आणि तेही ऑन रोड, म्हणजे कर-विमा सगळं त्यातच. डायरीत हा आकडा लिहून त्याच्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या.

गाडीचं आणि शोरूमचं नाव लिहीत नाही. पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसीच्या आतली, चार मीटरच्या आतली, एवढं पुरे.

पहिल्यांदा गेलो तो शनिवार, २३ ऑगस्ट. आठवड्यापूर्वीच पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करू म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे गिऱ्हाईक थबकलं होतं. शोरूममध्ये आम्ही तिघं आणि स्टाफ दहा-बारा. पाणी आलं, कॉफी आली, मुलीला चॉकलेट आलं. सेल्सचा पोरगा पंचविशीतला, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, जिभेवर साखर. मी काहीही विचारलं की तो फिरून सुटीवर यायचा. "ॲव्हरेज किती देते?" "सर, बावीस, आणि आज बुक केलीत तर ३५ हजारांची सूट." "सर्व्हिसिंगला खर्च किती?" "फार नाही सर, त्यात आज ३५ हजार वाचतायत." गाडीची किंमत तेव्हा ६ लाख ४२ हजार होती. मी मनातल्या मनात ३५ वजा करत होतो आणि हात खिशाकडे गेलाच होता.

वाचवलं आमच्या शेठनी. संध्याकाळी सहज फोन झाला तर म्हणाले, "भाव उतरणार म्हणून सरकार स्वतः सांगतंय आणि तू चढ्या भावात माल उचलायला निघालास? महिनाभर थांब. गाडी काय भिजणार आहे का कीड लागणार आहे तिला?" हळदीच्या भाषेत सांगितलं की मला पटकन कळतं.

३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली आणि ठरलं की घटस्थापनेपासून, म्हणजे २२ सप्टेंबरपासून, छोट्या गाड्यांवर १८ टक्के. आधी २८ टक्के आणि वर १ टक्का सेस होता. यार्डात चहाच्या टपरीवर सगळे म्हणायला लागले, गाडी ११ टक्के स्वस्त झाली. तसं होत नसतं. शंभराची वस्तू आधी १२९ ला पडायची, आता ११८ ला. म्हणजे १२९ वर ११ कमी, साडेआठ टक्के. आमच्या गाडीची किंमत ६ लाख ४२ हजारांवरून ५ लाख ८७ हजारांवर आली. ऑगस्टात ३५ हजारांच्या आनंदात घेतली असती तर ६ लाख ७ हजारांची पडली असती, आणि मी घरी पेढे वाटले असते.

मग पितृपंधरवडा लागला. सेल्सच्या पोराचा रोज फोन. "सर, नवरात्रात झुंबड उडणार, नंबर लावून ठेवा." मी तेवढ्यातच, १३ सप्टेंबरला, आप्पांना घेऊन गेलो. आप्पा म्हणजे माझे वडील, एसटीत चालक होते, आता रिटायर. त्यांना हे अजिबात पसंत नव्हतं. "पितरांच्या दिवसात लोखंड घ्यायचं?" "घ्यायचं नाही आप्पा, नुसतं बोलायचंय." माझा हिशेब वेगळा होता. दसऱ्याच्या दिवशी शोरूमला तुमची गरज नसते, तुम्हाला त्यांची असते. पितृपक्षात नेमकं उलटं.

आप्पांना बरोबर घेण्यामागे आणखी एक कारण. आमचं मूळ गाव आटपाडीकडचं. लहानपणी आप्पा त्यांच्या वडिलांबरोबर खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल विकायला जायचे. तिथला सौदा तोंडानं होत नसे. दलाल हातावर उपरणं टाकायचा आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरायचा. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी कुणाला आकडा कळत नसे. आप्पांना ती बोटांची भाषा अजून येते. मंडईत मेथीच्या जुडीवरसुद्धा ते दोन रुपये सोडत नाहीत. म्हटलं, हा माणूस शेजारी बसलेला बरा.

पोरानं कोटेशन छापून आणलं. ते अजून माझ्याकडे आहे, म्हणून आकडे जसेच्या तसे देतो. एक्स शोरूम ५,८७,०००. आरटीओ ७३,८००. इन्शुरन्स ३९,४००. ॲक्सेसरीज बेसिक किट १४,९००. एक्स्टेंडेड वॉरंटी ९,८००. कोटिंग ६,५००. हँडलिंग चार्जेस ५,५००. फास्टॅग ६००. बेरीज ७,३७,५००. आणि शेवटी, हिरव्या पेनानं हातानं लिहून गोल केलेलं: सूट २०,०००. राहिले ७,१७,५००.

माझ्या साडेसहाच्या दोन रेघांवरून थेट सदुसष्ट हजार पलीकडे.

आप्पांनी कागद लांब धरला, जवळ धरला, परत लांब धरला. मग म्हणाले, "उपरण्याखाली निदान किती बोटं धरली ते तरी कळायचं. हितं उघड्यावर लिवलंय तरी कळंना."

त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. ही तर पट्टी! मी रोज जी लिहितो तीच, फक्त उलट्या दिशेनं. आम्ही मालाच्या रकमेतून वजा करत जातो, हे वर चढवत जातात. आणि गोल केलेली ती हिरवी सूट म्हणजे पोरग्याला दाखवायचा भाव. मी कागद आडवा ठेवला, खिशातला पेन काढला आणि खालून सुरुवात केली.

"हँडलिंग म्हणजे काय?"

"सर, गाडी यार्डातून शोरूमला आणायची, वॉशिंग, चेकिंग…"

आप्पा मध्येच, "म्हणजे हमाली की."

पोरगा हसला. मी नाही हसलो. म्हटलं, "यार्डातून शोरूमला आणायचं काम तुमचं आहे. मी किंमत शोरूमची देतोय. 'एक्स शोरूम' म्हणून वर तुम्हीच लिहिलंय. ही ओळ राहिली तर आम्ही उठतो." तो आत गेला, पाच मिनिटांनी मॅनेजरला विचारून आला. ओळ गेली. ज्या ओळीबद्दल त्यांनी सर्वांत कमी वाद घातला ती हीच. यावरून काय समजायचं ते मी समजलो.

बेसिक किट म्हणजे मॅट, मडफ्लॅप, सीटकव्हर, स्टीअरिंगचं कव्हर, एक अत्तराची बाटली आणि डॅशबोर्डवरचा गणपती. "कंपल्सरी आहे सर, सगळ्या गाड्यांना बसवूनच देतो." म्हटलं, बसवू नका. आमच्या गल्लीच्या टोकाला सीटकव्हरवाला आहे, त्याच्याकडून मॅट, मडफ्लॅप आणि कव्हर मिळून ४,३०० ला झालं नंतर. गणपती घरात आहे. कोटिंग पण काढलं. वॉरंटीवर थोडा अडलो, कारण ती अगदीच फुकाची गोष्ट नाही. पण विचारल्यावर कळलं की कंपनीची मूळ वॉरंटी संपायच्या आत ती कधीही घेता येते. मग आजच कर्ज काढून तिच्यावर पाच वर्षं व्याज का भरू?

आरटीओच्या आकड्याला मात्र माणूस सहसा हात लावत नाही. सरकारी वाटतो ना. आप्पासुद्धा म्हणाले, "ते सरकारचं हाय, त्यात काय घासाघीस करणार?" पण सरकारचं असेल तर गणितानं यायला पाहिजे. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के कर. ५,८७,००० चे ११ टक्के म्हणजे ६४,५७०. नोंदणीचे ६००. कर्जाचा बोजा चढवायचे १,५००. स्मार्ट कार्ड, टपाल आणि किरकोळ धरलं तरी ६८ हजारांच्या फार वर जात नाही. मग ७३,८०० कसे? पोरगा म्हणाला, एजंटचे असतात. म्हटलं, "एक लिहा: आरटीओ पावतीप्रमाणे." हे दोन शब्द त्यांना झोंबले. 'पावतीप्रमाणे' लिहायला कुणी तयार होईना, पण आकडा ६८,२०० वर आला आणि पावतीची प्रत द्यायचं कबूल झालं. नंतर पावती खरंच तेवढ्याच्या आसपास निघाली.

त्या दिवशी एवढ्यावरच उठलो. बुकिंगचे २५ हजार मागत होते, मी पाच दिले, तेही ऑनलाइन, आणि पावतीवर 'रद्द केल्यास परत' असं लिहून घेतलं. आतापर्यंत काढलेल्या ओळी कोटेशनवर खोडून मॅनेजरची सही आणि शिक्का घेतला. पोरगा म्हणत होता, "सर, माझा शब्द आहे ना." शब्दाबद्दल शंका नव्हती. पण असली पोरं तीन महिन्यांनी दुसऱ्या शोरूमला असतात.

आता इन्शुरन्स. इथं सगळ्यांत जास्त पैसे होते आणि मला त्यातलं सगळ्यांत कमी कळत होतं. दोन रात्री बसलो. नव्या गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, विमा तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो, हा २०१८ पासूनचा नियम. त्याचा दर ठरलेला: हजार ते दीड हजार सीसीला तीन वर्षांचे १०,६४० आणि वर जीएसटी. कुठल्याही कंपनीत जा, हा आकडा तोच. म्हणजे घासाघीस उरलेल्या भागावर, आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर. तिथं कंपनी-कंपनीत जमीनअस्मानाचा फरक. तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तेच झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), सगळं सारखं ठेवून मी बाहेरून भाव काढला, तर २९,३०० आला. शोरूमचे ३९,४००.

आणि एक गोष्ट मला माहीतच नव्हती, बायकोनं शोधली. जुन्या गाडीवर आम्ही कित्येक वर्षं क्लेम घेतलेला नव्हता. त्याचा नो क्लेम बोनस पन्नास टक्क्यांवर पोचला होता. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकली की जुन्या विमा कंपनीकडून पत्र घ्यायचं आणि तो बोनस नव्या गाडीला लावायचा. थर्ड पार्टीवर लागत नाही, पण आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर लागतो. लावल्यावर बाहेरचा भाव २४,६००. शोरूममध्ये मी "जुनी गाडी आहे" असं तीन वेळा सांगितलं होतं. बोनसचं नाव एकानंही काढलं नाही.

शोरूमच्या इन्शुरन्सवाल्या मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी भीती घातली. "बाहेरचा विमा असेल तर कॅशलेस होत नाही सर, आधी पैसे भरावे लागतात." मी त्या विमा कंपनीच्या यादीत बघून आलो होतो, हेच वर्कशॉप त्यात होतं. मोबाईल पुढे केला. मॅडम म्हणाल्या, "थांबा, आमच्याकडे पण स्कीम आहे." स्कीम होऊन आकडा २६,२०० झाला. बाहेरपेक्षा सोळाशे जास्त, पण मी तिथंच घेतला. एवढ्यासाठी उद्या अपघात झाल्यावर वर्कशॉपच्या दारात वाद नको. कुणाला हे पटणार नाही, मला पटलं.

जुन्या गाडीचं थोडक्यात सांगतो. शोरूमनं ८५ हजार लावले, वर १५ हजार एक्स्चेंज बोनस, म्हणजे लाख. यार्डातल्याच एका हमाल मुकादमाच्या मेहुण्याला मी ती सव्वा लाखाला दिली. पैसे हातात पडल्यावर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, दोघांनी मिळून नावबदलाचा अर्ज आरटीओत दिला, आणि मगच किल्ली दिली. एक्स्चेंजमध्ये हा त्रास नसतो, हे मान्य. पंचवीस हजारांसाठी मी दोन दिवस पायपीट करू शकतो, प्रत्येकाला जमेलच असं नाही. किल्ली देताना बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, "पुरे" म्हणणारी तीच होती.

कर्जाच्या टेबलावर एक गंमत झाली. माझ्या बँकेनं ९ टक्के सांगितले होते. शोरूमच्या फायनान्सवाल्यानं खुर्ची पुढे ओढली आणि हळूच, गुपित सांगावं तसं म्हणाला, "आपल्याकडे साडेपाच." आप्पांची नजर माझ्याकडे वळली. नऊ कुठं आणि साडेपाच कुठं! मी विचारलं, "४ लाख, पाच वर्षं. हप्ता किती?" त्यानं कॅल्क्युलेटर बडवला. "८,५००." बँकेचा हप्ता ८,३०३ होता.

मी काही न बोलता दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून कागद त्याच्याकडे फिरवला. साडेपाच टक्के होते, पण फ्लॅट. पूर्ण चार लाखांवर पाचही वर्षं साडेपाच टक्के, तुम्ही मुद्दल फेडत असलात तरी. व्याज सरळ १,१०,०००. बँकेचं व्याज उरलेल्या मुद्दलावर, ते पाच वर्षांत ९८ हजारांच्या आसपास. त्याचे साडेपाच म्हणजे बँकेच्या भाषेत जवळजवळ दहा. तो माणूस चिडला नाही, उलट म्हणाला, "तुम्ही हिशेबात आहात वाटतं." आप्पा अभिमानानं म्हणाले, "पेढीवर हाय."

राहिली सूट. इथं कोल्हापूरच्या शोरूमचा फोन कामाला आला. तिथून त्याच गाडीचं कोटेशन व्हॉट्सॲपवर मागवलं, त्यात सूट २८ हजार होती, पण विमा आणि आरटीओ असे फुगवलेले की शेवटचा आकडा जास्त. मी मॅनेजरना फक्त सूट असलेला भाग दाखवला. हे काही फार सरळपणाचं नव्हतं, पण त्या हिरव्या गोलानंतर माझ्या मनानं मला खाल्लं नाही. त्यांनी वीसचे पंचवीस केले. एका अटीवर: बिल ३० सप्टेंबरच्या आत झालं पाहिजे. महिनाअखेर, त्यात तिमाहीही संपणार, त्यांना टार्गेट पुरं करायचं असणार. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, डिलिव्हरी हवी असेल तर सूट परत वीस.

घरी आल्यावर यावरून वादळ झालं. आप्पांना दसराच पाहिजे होता. "पाच हजारांसाठी दसरा सोडायचा?" शेवटी आईनं पंचांग काढलं. ३० तारखेला अष्टमी होती. "देवीचा दिवस आहे, ह्याहून चांगला कुठला?" म्हणाली. आप्पा गप्प झाले. आईपुढे त्यांचं उपरणं चालत नाही.

पैसे भरायच्या आधी गाडी बघायला यार्डात गेलो. पोरानं करड्या रंगाची दाखवली, अगदी आम्हाला हवी तशी. आप्पा गाडीकडे न बघता उकिडवे बसले आणि टायरवरून बोट फिरवायला लागले. एसटीतली सवय. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिथं होतं ०७२५. म्हणजे फेब्रुवारी. "पोरा, हे टायर तर होळीच्या आधीचं हाय. गाडी कधीची?" पोरगा म्हणाला, सर २०२५ चीच आहे. होतीच २०२५ ची, पण मार्चची. सहा महिने उन्हापावसात उभी. उद्या विकताना आरसीवर महिना दिसतोच. त्याच किमतीत नवी असताना ही का घ्यायची? ऑगस्टची होती ती पांढरी. मुलीला करडी हवी होती, ती दिवसभर बोलली नाही. पांढरीच्या टायरवर २९२५ होतं, मीटरवर ९ किलोमीटर. आप्पांनी चारही टायर आणि पाचवा स्टेपनीचा, सगळे वाचले, मगच उठले.

३० तारखेला सकाळी अकराला सगळे नटून गेलो. आईच्या हातात नारळ, हळदकुंकवाची वाटी, मुलीच्या हातात पेढ्याचा बॉक्स. गाडीवर लाल कापड घातलेलं, फोटोवाला तयार. आणि नेमकं तेव्हा काउंटरवर बोलावून त्यांनी अंतिम हिशेब पुढे केला, सही करायला. खालून वाचायला लागलो. दुसऱ्याच ओळीत: डॉक्युमेंटेशन चार्जेस २,९५०.

हँडलिंग परत आलं होतं, नाव बदलून. अडीच हजार आणि वर १८ टक्के.

इथं माणूस हरतो. बाहेर आई नारळ घेऊन उभी, गाणं लागलेलं, फोटोवाला हाका मारतोय. बायको जवळ येऊन कुजबुजली, "जाऊ दे हो, देवीचा दिवस आहे, तीन हजारांसाठी नको." ती म्हणत होती ते खोटं नव्हतं आणि शोरूमनं वेळही नेमकी तीच निवडली होती. मी पिशवीतून १३ तारखेचं सही-शिक्क्याचं कोटेशन काढलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सिस्टीममधून आपोआप येतं. म्हटलं, मग सिस्टीममधूनच जाऊ दे. मॅनेजर मीटिंगमध्ये. आम्ही बसलो. पन्नास मिनिटं. मुलगी पेढ्याच्या बॉक्सची दोरी सोडत आणि बांधत होती. आप्पा सोफ्यावर चक्क घोरत होते. मध्ये एकदा मलाच वाटलं, आपण चिक्कू आहोत का?

मॅनेजर आले, कागद बघितले, एका मिनिटात ओळ गेली. नवा प्रिंट निघाला. किंमत सूट जाऊन ५,६२,०००, आरटीओ ६८,२००, विमा २६,२००, फास्टॅग ६००. एकूण ६,५७,०००. डायरीतल्या दोन रेघांच्या सात हजार पलीकडे, वर सीटकव्हरवाल्याचे ४,३००. बजेट फुटलंच. पण पहिल्या कागदापेक्षा ६०,५०० कमी, आणि त्यात वाढलेली सूट फक्त पाच हजारांची. बाकीचे ५५,५०० त्या खालच्या ओळींतले.

टाकीत कबूल केलेलं पाच लिटर पेट्रोल होतं म्हणे. काटा लाल रेघेला टेकलेला. पहिला थांबा पंपावरच झाला, आणि त्याबद्दल भांडायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आप्पांनी पहाटे उठून गाडी स्वतः धुतली, आदल्या दिवशी शोरूमनं धुतलेली असूनही. डेपोत असताना ते आपल्या एसटीला झेंडूचा हार घालायचे, तसाच बोनेटवर आडवा हार, चाकांना हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. हळद अर्थात आमच्या पेढीवरची. शेजारचे काका गेटवर टेकून बघत होते.

"केवढ्याला पडली?"

"सहा सत्तावन्न," आप्पा म्हणाले.

"सूट किती दिली?"

"पंचवीस हजार."

काकांनी चुकचुकून मान हलवली. "फसलात की आप्पा. माझ्या साडूला मागच्या महिन्यात पस्तीस दिली, न मागता."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मग मिटलं. मग बॉक्स पुढे केला आणि काकांच्या हातावर एकाऐवजी दोन पेढे ठेवले.